कावळा, फांदी आणि ॲनाल्जिन

कारण म्हणजे काय, ह्या प्रश्नावर आपण ह्या मालेत बोलतो आहोत. आजवरची उदाहरणं तशी पाठ्यपुस्तकीच होती. कुंभाराचा घडा, पर्वतावरचा धूर, ह्यूमचे बिलियर्डचे चेंडू. काही श्रोत्यांनी कळवलं की ह्यात जगण्यामरण्याचं काही येत नाही. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आपण एक गोळी घेऊ या. उदाहरणादाखल घेऊ या, गिळायची नाही.

गोळीचं नाव ॲनाल्जिन. शास्त्रीय नाव मेटामिझोल, काही देशांत डायपायरोन म्हणतात. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना ॲनाल्जिन, नोव्हाल्जिन, बाराल्गन ही नावं समजावून सांगायला नकोत. दाढ ठणकली, पोटात कळ आली, ताप हटेना, की घरातल्या औषधाच्या डब्यातून ह्यांतलं काहीतरी निघायचं. नोव्हाल्जिन बनवणाऱ्या हेक्स्ट ह्या जर्मन कंपनीचा मोठा पसारा आपल्या मुलुंडलाच होता. तेव्हा हे औषध आपल्याला परकं नाही.

ह्या औषधावर आरोप असा की ते क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा करतं, आणि तो माणूस साध्या घशाच्या संसर्गानं दगावू शकतो. ह्या आरोपावरून अमेरिकेनं १९७७ साली हे औषध बंद केलं. स्वीडननं तर ते दोनदा बाजारातून काढलं. भारतानं २०१३ साली बंद केलं आणि आठ महिन्यांत पुन्हा सुरू केलं. जर्मनी, स्पेन, ब्राझील इथे ते आजही भरपूर वापरलं जातं. रेणू एक, पुरावाही सगळ्यांसमोर जवळपास तोच, आणि निकाल मात्र इतके वेगळे. हे कसं होतं, ते बघायचं आहे.

आधी रक्ताविषयी थोडं. पांढऱ्या पेशी अनेक प्रकारच्या असतात. त्यांतल्या काहींच्या पोटात सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसतात, म्हणून त्यांना ग्रॅन्युलोसाइट म्हणायचं. ह्यांत बहुसंख्य असतात न्यूट्रोफिल. जीवाणू शरीरात शिरले की त्यांना गिळायला पहिल्यांदा धावतात त्या ह्याच. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ह्या साधारण दोन ते सात हजार असतात. ह्या पेशी रक्तात फार काळ राहत नाहीत, काही तास, फार तर एखादा दिवस. अस्थिमज्जा रोज अब्जावधी नव्या पेशी घडवते म्हणून साठा टिकून राहतो. पुरवठा तुटला किंवा असलेल्या पेशी कुणी मारायला लागलं, तर साठा बघता बघता रिकामा होतो. संख्या पाचशेच्या खाली गेली की त्या अवस्थेला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. पहारेकरीच नाहीत. तोंडात आणि घशात एरवी गुण्यागोविंदानं राहणारे जीवाणू मग आत घुसतात. थंडी वाजून ताप येतो, घसा सडतो, तोंडात चट्टे पडतात, गिळवत नाही.

१९२२ साली बर्लिनमध्ये वेर्नर शुल्ट्झ ह्या डॉक्टरांनी असे काही रुग्ण वर्णन केले. बहुतेक मध्यमवयीन स्त्रिया, घशात सडलेल्या जखमा, प्रचंड ग्लानी, आणि रक्तात ग्रॅन्युलोसाइट जवळपास शून्य. तांबड्या पेशी मात्र ठीक. प्रतिजैविकं अजून यायची होती, त्यामुळे बहुतेक रुग्ण मरत. पुढची दहाएक वर्षं वैद्यकीय जगाला वाटत होतं की हा कुठल्यातरी जंतूचा नवा रोग आहे. घशात जंतू सापडतही होते. आपल्या विषयाच्या दृष्टीनं हा पहिला धडा बघा. जंतू होते, पण ते रोगाचं कारण नव्हते, परिणाम होते. पहारेकरी गेले म्हणून चोर आले होते. तपास करणाऱ्यांना चोर दिसले, आणि पहारेकऱ्यांना त्यांनीच मारलं असं त्यांनी धरून चालवलं.

मग संशय औषधाकडे कसा वळला? इथे थोडं मागे जावं लागेल. १८८३ साली लुडविग क्नोर ह्यांनी अँटिपायरीन बनवलं, ताप उतरवणाऱ्या पहिल्या कृत्रिम औषधांपैकी एक. त्याच्यावर रासायनिक कलम करून हेक्स्टच्या प्रयोगशाळेत अमिनोपायरीन तयार झालं. ते पिरॅमिडॉन ह्या नावानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात आलं आणि धो धो खपलं. आपलं मेटामिझोल हे त्याच घराण्यातलं पुढचं अपत्य. योगायोग असा की ते नोव्हाल्जिन नावानं बाजारात आलं त्याच वर्षी, १९२२ साली, शुल्ट्झनी रोगाचं वर्णन केलं. पण हा योगायोगच. त्या सुरुवातीच्या रुग्णांच्या संदर्भात संशय गेला तो थोरल्या भावावर, अमिनोपायरीनवर.

१९३० च्या सुमारास अटलांटामधल्या रॉय क्रॅक ह्यांनी एक साधा प्रश्न विचारला. हा रोग पूर्वी का नव्हता? आणि आहे तो विशिष्ट देशांतच, विशिष्ट थरांतच का दिसतो? त्यांचा रोख कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या नव्या औषधांकडे होता. १९३४ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीचे मॅडिसन आणि स्क्वायर ह्यांनी चौदा रुग्णांचा इतिहास खोदून काढला. सगळ्यांनी आजारापूर्वी अमिनोपायरीन घेतलं होतं, कुणी नुसतं, कुणी झोपेच्या औषधात मिसळलेलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. बऱ्या झालेल्या दोन रुग्णांना त्यांनी ते औषध पुन्हा दिलं, आणि त्यांच्या ग्रॅन्युलोसाइटची संख्या झपकन खाली आली. आजच्या नीतिसमित्या असल्या प्रयोगाला दारातही उभं करणार नाहीत, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. पण ज्ञानाच्या हिशेबात त्या दोन रुग्णांचं ऋण मोठं आहे, हेही म्हटलं पाहिजे.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ', असं आपण म्हणतो. संस्कृतात ह्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसला आणि नेमकं तेव्हाच फळ पडलं. एखाद्या बाईंनी डोकं दुखतं म्हणून गोळी घेतली आणि आठ दिवसांनी त्यांच्या पांढऱ्या पेशी गेल्या, ही एक घटना कावळ्याचीच असू शकते. नैयायिकांनी कारणाला म्हणूनच कडक अटी लावल्या. तर्कसंग्रह ज्यांनी थोडाफार वाचला आहे त्यांना आठवेल. कारण कार्याच्या आधी हवं, ते नियमानं आधी हवं, आणि ते अन्यथासिद्ध नसावं. अन्यथासिद्ध म्हणजे असून नसून सारखं. ह्याचं आवडतं उदाहरण कुंभाराचं गाढव. गाढवानं माती वाहून आणली, घडा होण्याआधी ते तिथे हजर होतं, पण म्हणून कुणी गाढवाला घड्याचं कारण म्हणत नाही.

मॅडिसन आणि स्क्वायरनी जे केलं त्याला आपल्याकडे अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. औषध आहे तेव्हा रोग आहे, हा अन्वय. औषध काढलं तेव्हा रोग गेला, हा व्यतिरेक. मिलनं एकोणिसाव्या शतकात हेच आपल्या पद्धतीनं मांडलं. डेन्मार्कमध्ये तर अख्ख्या देशावर व्यतिरेक घडला म्हणा ना. तिथे अमिनोपायरीनवर निर्बंध आले आणि ह्या रोगाचे रुग्ण झपाट्यानं घटले. गाढवाला घरी पाठवलं असतं तरी घडे होतच राहिले असते. इथे तसं झालं नाही. म्हणजे अमिनोपायरीन गाढव नव्हतं.

इथपर्यंत सोपं आहे. खरी पंचाईत त्या दुसऱ्या अटीत आहे, 'नियमानं' ह्या शब्दात. लाखो लोक हे औषध घेत होते आणि त्यांना काहीही होत नव्हतं. प्राण्यांना भरपूर मात्रा देऊनही रोग सहजी निर्माण करता येत नव्हता. मग ह्याला कारण म्हणायचं कसं? औषध कंपन्यांची बाजू मांडणारे नेमकं हेच विचारत, आणि प्रश्न वकिली असला तरी चुकीचा नव्हता.

ह्याचं उत्तर धूर आणि अग्नीच्या जुन्या उदाहरणात दडलेलं आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती खरी. 'जिथे अग्नी तिथे धूर' ही मात्र खोटी, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धुरासाठी अग्नीबरोबर ओलं सर्पण लागतं. ह्या ओल्या सर्पणाला नैयायिक उपाधी म्हणतात. ही केवळ घोकंपट्टीची गोष्ट नाही. औषध म्हणजे अग्नी, पेशी नाहीशा होणं म्हणजे धूर, आणि काही थोड्या माणसांच्या शरीरात काहीतरी ओलं सर्पण आहे. जे. एल. मॅकी ह्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं १९६५ साली हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. शॉर्टसर्किटमुळे घर जळालं असं आपण म्हणतो तेव्हा शॉर्टसर्किट एकटं पुरेसं नसतं. जवळ पडदा असावा लागतो, पाणी जवळ नसावं लागतं. पुरेशा अशा एका जुळणीचा तो आवश्यक तुकडा असतो. आम्हाला हा निबंध शिकवताना नेहमी वाटायचं की ओल्या सर्पणाची ओळख असलेल्या विद्यार्थ्याला तो निम्म्या वेळात समजेल. तसंच व्हायचं.

ते सर्पण कोणतं, ह्याचा एक मोठा धागा १९५२ साली झुरिकमध्ये हाती लागला. म्योशलिन आणि वाग्नर ह्यांच्याकडे एक रुग्ण होता, ज्याला अमिनोपायरीन सोसत नव्हतं. त्याला थोडं औषध दिल्यावर त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. मग त्याचं रक्त काढून त्यांनी निरोगी माणसांना चढवलं. त्यांनी औषधाची गोळी घेतलेली नव्हती, तरी त्यांच्याही ग्रॅन्युलोसाइटची संख्या घसरली. म्हणजे रुग्णाच्या रक्तद्रवातच असं काही होतं जे पेशींना गाठून मारत होतं. रक्तात फिरणारं ते काहीतरी म्हणजे प्रतिपिंड, अँटिबॉडी. औषधाचा छोटा रेणू पेशीच्या पृष्ठभागावर चिकटतो, प्रतिकारयंत्रणेला ती पेशी परकी वाटू लागते, आणि ती आपल्याच पहारेकऱ्यांवर तुटून पडते, असं साधारण चित्र उभं राहिलं. मात्रेचा हिशेब का लागत नव्हता ते ह्यातून समजतं. एकदा यंत्रणेचा गैरसमज झाला की चिमूटभर औषधही पुरतं, आणि दुसऱ्या वेळी रोग काही तासांतच येऊ शकतो.

सगळं इतकं स्वच्छ मात्र नाही. मेटामिझोल पोटात गेल्यावर लगेच मोडतं आणि त्याचे तुकडे काम करतात. हे तुकडे मज्जेतल्या अर्धवट वाढलेल्या पेशींना थेट विषारी ठरू शकतात, असं प्रयोगशाळेतल्या अलीकडच्या कामातून पुढे आलं आहे. काही आनुवंशिक खुणांकडेही बोट दाखवलं जातं. पण आधीच ओळखावं, ह्या माणसाला हे औषध चालणार नाही, अशी दवाखान्यात वापरता येईल अशी चाचणी आजही नाही.

आता मेटामिझोलवर येऊ. भावाचा गुन्हा सिद्ध झाला म्हणून धाकट्याला फाशी देता येत नाही. किती जणांना होतं, हे मोजायला हवं होतं. सुरुवातीला अमिनोपायरीनच्या अनुभवावरून लोक धरत की शंभरात एकाच्या जवळपास. मेटामिझोलबद्दल १९७३ साली स्वीडनमधून आलेला अंदाज तीन हजारांत किमान एक असा होता, आणि १९७४ साली स्वीडननं औषध काढून घेतलं.

मोजणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि इथे तुम्ही जरा नीट लक्ष द्यावं अशी विनंती आहे, कारण आजच्या विषयाचा गाभा इथेच आहे. ॲग्रॅन्युलोसायटोसिसचं पहिलं लक्षण काय? ताप आणि घसादुखी. माणसं मेटामिझोल कशासाठी घेतात? ताप आणि दुखण्यासाठी. समजा, एखाद्याच्या पेशी दुसऱ्याच कारणानं गेल्या आहेत. त्याला ताप आला, घसा दुखला, त्यानं गोळी घेतली, चार दिवसांनी तो रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टर विचारतात, काय औषध घेतलं होतं? ॲनाल्जिन. झालं, नोंद झाली. फांदी आधीच मोडायला लागली होती, कावळा नंतर येऊन बसला, आणि पंचनाम्यात कावळ्याचं नाव लागलं. ह्यूम म्हणेल की आधी आणि नंतर ह्यापलीकडे आपल्याला दिसतंच काय? पण इथे आधी काय आणि नंतर काय हेच उलटंपालटं होऊन बसतं.

१९८० ते १९८४ ह्या काळात युरोपातल्या अनेक शहरांत आणि इस्रायलमध्ये एक मोठा अभ्यास झाला. त्याला लोक बॉस्टन अभ्यास म्हणतात, कारण सूत्रं बॉस्टनहून हलत होती. ह्या मंडळींनी ही अडचण ओळखली होती. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत त्यांनी आधी रोगाचं पहिलं लक्षण कोणत्या दिवशी आलं ते ठरवलं, आणि त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात काय काय घेतलं तेवढंच मोजलं. तापासाठी नंतर घेतलेली गोळी हिशेबात नाही. शिवाय रुग्णालयातल्याच इतर कारणांनी दाखल झालेल्या लोकांना तेच प्रश्न विचारले, म्हणजे तुलना करता आली. १९८६ साली निष्कर्ष आले. उल्म, पश्चिम बर्लिन आणि बार्सिलोना इथे मेटामिझोल घेणाऱ्यांना धोका न घेणाऱ्यांच्या सुमारे चोवीसपट. आकडा ऐकून दचकायला होतं. पण मुळात हा रोग इतका दुर्मीळ की चोवीसपट करूनही एक आठवडा औषध घेतल्यानं वाढणारा धोका निघाला दहा लाखांत साधारण १.१ माणसाचा. आणि बुडापेस्टमध्ये? तिथे धोका वाढलेलाच दिसला नाही. ०.९, म्हणजे जवळपास बरोबरीत.

ह्या अभ्यासाला पैसा हेक्स्टनंच दिला होता. हे सांगायला हवं म्हणून सांगतो. त्यावरून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पद्धत चोख होती असंच आम्हाला वाटतं. पण ज्याच्यावर आरोप आहे त्यानं वकिलाबरोबर तपास अधिकाऱ्याचाही खर्च उचलला, हे वाचकाला माहीत असलेलं बरं.

बुडापेस्टचं कोडं कायम राहिलं. तोच रेणू, मग उल्ममध्ये कारण आणि बुडापेस्टमध्ये नाही, असं असतं का? ओल्या सर्पणाचं उदाहरण धरलं तर असू शकतं. एका लोकसमूहात सर्पण ओलं, दुसऱ्यात कोरडं. किंवा डॉक्टर रुग्ण शोधतात कसे, नोंदवतात कसे, ह्यात फरक असेल. दोन्ही उत्तरं संभवतात. आमचा कल दुसऱ्याकडे जास्त आहे, पण तो कलच आहे.

मग स्वीडननं दुसरी फेरी केली. नव्या आकड्यांच्या भरवशावर १९९५ साली औषध पुन्हा आणलं. रुग्ण पुन्हा येऊ लागले, आणि १९९९ साली पुन्हा बंद केलं. त्या काळाचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. दर १,४३९ प्रिस्क्रिप्शनमागे एक. आता दहा लाख आठवड्यांमागे १.१ आणि १,४३९ प्रिस्क्रिप्शनमागे एक, हे शेजारी ठेवून बघा. एकक वेगळं आहे हे मान्य. एका प्रिस्क्रिप्शनवर माणूस आठवडाही गोळ्या घेईल, महिनाही घेईल. तरी अंतर काहीशे पटींचं उरतंच. दोन्ही अभ्यास प्रामाणिक. विज्ञान म्हणजे एक ठाम आकडा, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे प्रकरण जरूर डोळ्यांसमोर ठेवावं. रुग्ण मोजता येतात, पण कितीजणांनी औषध घेतलं आणि त्यांना काहीच झालं नाही, हे कोण मोजतं? छेदस्थानचा आकडा नेहमीच अंधारात असतो.

ह्या आकड्यांवर निर्णय कसा घ्यायचा, ते १९९८ सालच्या एका विश्लेषणात दिसतं. त्यांनी विचारलं की नुसता रक्ताचा धोका का मोजता? वेदनाशामकांनी माणसं आणखी कशानं मरतात तेही मोजा. पोटात रक्तस्राव, तीव्र ॲलर्जी, सगळं धरा. आठवडाभराच्या वापरासाठी दर दहा कोटी लोकांमागे जादा मृत्यू असे निघाले. डायक्लोफेनॅक ५९२, ॲस्पिरिन १८५, मेटामिझोल २५, पॅरासिटामॉल २०. म्हणजे ज्या औषधावर बंदी, ते जवळपास पॅरासिटामॉलच्या पंक्तीला, आणि कंबर दुखली की आपण ज्या गोळ्या सहज घेतो त्या कितीतरी वर. हा युक्तिवाद मोठा आकर्षक आहे. पण त्यातला मेटामिझोलचा आकडा बॉस्टन अभ्यासावर उभा आहे. त्याजागी स्वीडनचा आकडा घातला तर सगळी रांग उलटते. गणित बरोबर आहे, पण गणितात काय घालायचं ते गणित सांगत नाही.

आपल्याकडे काय झालं? २०१२ साली औषध नियंत्रण यंत्रणेच्या कारभारावर संसदेच्या स्थायी समितीचा एक कडक अहवाल आला, त्यात ॲनाल्जिनचाही उल्लेख होता. जून २०१३ मध्ये केंद्र सरकारनं विक्री थांबवली. फेब्रुवारी २०१४ मध्ये बंदी उठली, ती एका अटीवर. तीव्र वेदना किंवा गाठीमुळे होणाऱ्या वेदना, आणि इतर औषधांनी न उतरणारा ताप, एवढ्यासाठीच वापरायचं. थांबवलं आणि सुरू केलं, दोन्ही बाहेरच्या आकड्यांवर. भारतीय लोकांत सर्पण ओलं की कोरडं, हा प्रश्न कुणी मनापासून विचारलाय असं ह्या येण्याजाण्यात दिसलं नाही. आमची खरी तक्रार ती आहे. बंदी हवी की नको ह्यावर प्रामाणिक माणसांचे मतभेद असू शकतात, पण बुडापेस्ट आणि बार्सिलोना वेगळे निघाले असताना वर्धा आणि वाराणसी त्या दोघांसारखेच आहेत असं धरून चालणं हे नुसतं गृहीतक आहे.

व्याख्यानाआधी एका श्रोत्यांचा प्रश्न आला होता. दहा लाखांत एक असेल तर त्याचा विचार तरी का करायचा? ह्याचं उत्तर असं की तो एक वाचवता येतो. शुल्ट्झच्या काळात हा रोग म्हणजे जवळजवळ मृत्युदंड होता. आज वेळेत ओळखलं, औषध थांबवलं, प्रतिजैविकं दिली, गरज पडल्यास मज्जेला चालना देणारी इंजेक्शनं दिली, तर दहातले नऊहून अधिक वाचतात. दहा लाखांत एक हा धोरण ठरवणाऱ्याचा आकडा आहे. त्या एकाला आणि त्याच्या घरच्यांना लागते ती वेगळी गोष्ट, म्हणजे लक्षण दिसल्यावर तासाभरात काय करायचं ते माहीत असणं.

२०२४ साली युरोपच्या औषध संस्थेनं सगळा पुरावा पुन्हा पाहिला. निमित्त फिनलंडचं होतं. तिथे नवे रुग्ण निघाल्यावर कंपनीनं स्वतःच औषध मागे घेण्याचं ठरवलं. संस्थेनं बंदी घातली नाही. उलट, औषध घेणाऱ्यांची ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी करा, ही जुनी शिफारस काढून टाकली, कारण तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही. पेशी इतक्या अचानक कोसळतात की सोमवारचा चांगला रिपोर्ट गुरुवारची हमी देत नाही. त्याऐवजी भर दिला आहे तो रुग्णाला सांगण्यावर. हा त्रास औषध चालू असताना कधीही होऊ शकतो, थांबवल्यानंतर थोड्या दिवसांतही होऊ शकतो, आणि पूर्वी दहा वेळा घेतलं तेव्हा काही झालं नव्हतं म्हणून आताही होणार नाही असं नाही. आणि ज्यांना तापासाठीच हे दिलं आहे त्यांनी अधिक सावध असावं, कारण औषध ताप उतरवतं आणि त्याबरोबर स्वतःच्याच दुष्परिणामाची पहिली खूणही पुसून टाकतं.

तेव्हा ज्यांच्या घरी कुणाला कर्करोगाच्या वेदनेसाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर हे औषध सुरू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता चालू-बंद करत बसू नये. पण थंडी वाजून ताप, घसादुखी, तोंडात किंवा नाकात किंवा गुप्तांगाशी दुखरे व्रण, ह्यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्यायची. रिपोर्ट हातात आला की एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर थांबायचं नाही. त्याच्या खाली न्यूट्रोफिलची टक्केवारी दिलेली असते, ती एकूण आकड्याशी गुणायची. एकूण तीन हजार आणि न्यूट्रोफिल दहा टक्के असतील तर उरले तीनशे, आणि तीनशेला घरी झोपून राहायचं नसतं, त्याच पावली मोठ्या रुग्णालयात जायचं असतं. तिथे पहिल्या डॉक्टरला कोणती गोळी, कधीपासून, हे औषधाचं पाकीट दाखवून सांगायचं.